पायरी बाहेरच राहते

रेमंड तुस्कानो गाडी आणतो, तिसऱ्यांदा,
कुर्ल्याला, सीएसटी रोडवर, आमच्या गाळ्यासमोर,
जिथे एक चाक नेहमी गटाराच्या झाकणावर उभं करावं लागतं.
म्हणतो, परत तेच. डाव्या अंगाची पायरी.
दार लावलं तरी आत जात नाही,
जीभ काढून फिरते गाडी सगळ्या माहीमभर.
काल स्पीडब्रेकरवर घासली.
परवा सकाळी बॅटरी झोपलेली.

मी दार उघडतो: पायरी बाहेर.
दार लावतो: पायरी आत.
उघडतो, लावतो, वीसेक वेळा.
इन्स्पेक्टर वर्गात आल्यावर
सगळ्यात उनाड पोर बसतं, तशी शहाणी.

मागच्या खेपेला रिले बदलला होता.
त्याच्या आधी बिजागरीच्या पिना काढून
रात्रभर डिझेलमध्ये बुडवल्या होत्या,
खाऱ्या हवेचा पांढरा भुगा निघाला चहाच्या चमचाभर,
आणि मला वाटलं, सापडलं.
आज मोटरच्या वायरीला मीटर लावला.
साडेचार अँपिअर. जातानाही, येतानाही.
अर्थिंगचा बोल्ट घासून चकचकीत केला
उगाच, हाताला काम म्हणून.
कंप्युटर जोडला. तो म्हणाला, दोष नाही.

परकारचाचा म्हणायचे, यंत्र खोटं बोलत नाही रे,
पण विचारलं तेवढंच सांगतं, कोर्टातल्या साक्षीदारागत.
गाडीला किती विचारशील?
गाडीत कोण बसतं ते विचार.

रेमंड, डावीकडे मागे कोण?
टिपणीसबाई. साहेबांची आई. एक्याऐंशी पूर्ण.
मंगळवार-शुक्रवार गुडघ्याचा व्यायाम, बाकी कुठे नाही.
आत्ता?
त्या काय, टायरवाल्याच्या स्टुलावर,
चहा फुंकतायत.

बाई, जरा बसून दाखवता? रोजच्यासारखं.
त्या निऱ्या मुठीत धरतात,
पायरीवर आधी डावा पाय, मग थांबून, उजवा.
आत टेकतात. श्वास घेतात.
आणि दार ओढून घेतात
झोपलेल्या माणसाच्या अंगावर पांघरूण ओढावं तसं.
टिक.
नखाएवढा आवाज.
पायरी बाहेर.

मी वाकून फटीत टॉर्च मारतो.
लॅचचा आकडा पहिल्याच दातावर,
दुसऱ्यापर्यंत गेलेला नाही.
डोळ्यांना दार लागलंय.
स्विचला नाही.
गाडीच्या हिशोबात अजून कोणीतरी उतरायचं बाकी आहे,
म्हणून पायरी वाट बघते
बॅटरीत जीव असेतो.

जोरात ओढा ना, हजारदा सांगितलं, रेमंड वैतागतो.
बाई त्याच्याकडे नाही, माझ्याकडे बघतात.
हे टेलिफोन एक्स्चेंजात होते. नाइट ड्युटी, सव्वीस वर्षं.
लालबागला आमची दीड खोली,
दिवसा दाराशीच झोपायचे.
हाताला तेच वळण पडलं.
मग पदर सारखा करत म्हणतात,
आता कोण उठायचं आहे म्हणा.

मी काही बोलत नाही. बोलण्यासारखं पान्याला होतं.
खांबावरच्या कड्याचे दोन स्क्रू सैल करतो,
कडं बाहेर सरकवतो, अर्धं सूत.
पुसतो. ग्रीस. परत अर्ध्याहून थोडं कमी.
आता लावा.
जोरात?
नाही, तुमचं तुम्ही.

टिक.
आणि त्याच्या मागोमाग, आतून, आणखी एक टिक.
पायरी घटकाभर विचार करते
आणि हळूच पोटात पाय घेते.

बिलात काय लिहू? मोटर नाही, मॉड्यूल नाही,
साहेब विचारतील पार्ट कुठे.
लिहितो: मागचं डावं दार, सेटिंग. दोनशे.
रेमंडला ते कमीच वाटतं,
इतक्या फेऱ्यांना शोभत नाही म्हणतो.

रात्री शटर ओढतो.
ते आपलं नेहमीसारखं किंचाळत खाली येतं.
नऊ वर्षं झाली या गाळ्याला.
वरच्या माळ्यावर
कुणाचं तरी मूल जागं होतं.